घोंगडीतली कसर

मुकुंदवाडी, ८ जून २०२५

चि. अंबिका, तुझ्या आबाचा हात तुझ्या डोक्यावर.

तू गेलीस आन् घर असं झालंय, की टीव्ही चालू असला तरी सामसूम वाटतं. तू लेहला पोहोचलीस, एवढी खबर तुझ्या बापाला फोनवर मिळाली. वर तळावर गेल्यावर फोन लागणार नाय, सरहद्द जवळ हाय, हे तू सांगितलंच होतंस. म्हणून हे पत्र. लेहच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय, तिथून तुमची गाडी वर आणील. माझं अक्षर तुला ठाऊक हाय. मेंढरांमागं फिरताना दुकानांच्या पाट्या आन् पुड्यांचे कागद वाचून शिकलेलं अक्षर, ते पाटीएवढंच मोठं येतं. तेवढं चालवून घे.

काल ठेसनाजवळच्या बाकावर कडूबानं विचारलं, "नात कुठं दिसंना?" म्हणलं, "लडाखला गेली. पतंग मोजायला." तो म्हणतो, "संक्रांत तर कव्हाच झाली. आन् एवढ्या वर उडवतंय कोण?" म्हणलं, "बाबा, दिव्यावर येतात ती पाखरं." तर म्हणतो, "ती माझ्या ओट्यावर सकाळी पसाभर पडलेली असतात. तिला म्हणाव, इथंच मोज." आता त्याला काय जवाब देऊ ते लिही.

घोंगडीचं सांगतो. तुझा बाप नको म्हणत होता. "लोक हसतील, किडे होतील तिच्यात, चांगली चेन लावायची पिशवी घेऊन देतो," म्हणत होता. तरी तू नेलीस, मला बरं वाटलं. पण ती देवगाव रंगारीच्या मेंढरांची लोकर हाय, चिंचोक्याची खळ दिलेली, तिला जपावं लागतं. घडी घालून कोपऱ्यात ठेवलीस तर कसर लागंल. बारीक पाखरू येतं, अंडी घालून जातं, मग अळ्या लोकर खातात आन् घोंगडीची चाळणी होते. म्हणून रोज ऊन दाखव. आठवड्याला एकदा दगडावर आपटून झटक. हयगय करू नको.

तुझ्या बापाची फिकीर मला वाटते. तुझी माय गेल्यापासून त्याला एकच खोड, कुणी नुसतं शिंकलं तरी कपाळाला हात लावून बघतो. आता हात लावायला तू नाहीस, तर माझ्या कपाळाला लावतोय. चहा पिताना, बातम्या बघताना, कव्हापण. मी म्हणलं, "अरे, मी काय तवा हाय का?"

पोटभर जेव.

तुझा आबा

*

तळ, चांगथांग, २४ जून २०२५

आबांच्या पायांवर डोकं ठेवून,

पत्र मिळालं. आमचा गाडीवाला नोर्बू लेहहून भाज्यांच्या पोत्यांबरोबर ते घेऊन आला, म्हणून पत्राला मुळ्याचा वास येतोय. इथं आम्ही चौघंच आहोत, माझ्या मार्गदर्शक मॅडम धरून. मी दोनदा वाचलं, मग मॅडमनाही कडूबाबांचा संवाद वाचून दाखवला. त्या जेवताना मध्येच थांबून हसत होत्या.

कडूबाबांना जवाब असा द्या. तुमच्या ओट्यावरची पाखरं रात्री येतात. इथली रात्री बाहेर पडलीच तर गोठून जातील. बादलीतलं पाणी सकाळी कुऱ्हाडीनं फोडावं लागतं, आणि हा इथला उन्हाळा. त्यामुळे इथली पाखरं दिवसा उडतात. आधी काळ्या दगडावर बसून पंख पसरतात, अंग तापवतात, मग थंडीनं कुडकुडल्यासारखे पंख थरथरवतात, आणि मगच जमिनीलगत वीतभर उंचीवरून सुटतात. ढग आला की सगळी एकदम खाली बसतात. दिवा बंद केल्यासारखं. रंगानं काळपट, करडी, अंगावर दाट केस. आबा, तुम्ही बघितलं असतंत तर म्हणाला असतात, यांनी पण घोंगड्या पांघरल्यात.

आणि अळ्या. केसाळ, आपल्याकडच्या घुल्यासारख्या. थंडीत त्या दगडाखाली जाऊन चक्क गोठतात, कडक होतात. उन्हाळा आला की विरघळतात आणि पुन्हा गवत खायला लागतात. उन्हाळा इतका छोटा की पोट भरत नाही, म्हणून पुन्हा गोठतात. असं वर्षानुवर्षं चालतं. मग कधीतरी कोश करतात, पाखरू होतात, आणि ते पाखरू थोडे दिवस जगतं.

आता माझं काम. आम्हाला एका जातीचे फक्त नर सापडलेत. मादी कुणालाच दिसली नाही, या खोऱ्यात तरी. गेल्या वर्षीही मॅडम रिकाम्या हातांनी परतल्या. मॅडम म्हणतात, मादीला पंख नसावेत. इथल्या वाऱ्यात उडण्यापेक्षा ती एका जागी बसत असेल आणि नर तिला हुडकत येत असतील. पण बसते कुठं? एवढ्या दगडांत एक दगड कसा शोधायचा? यंदा मादी मिळाली तर माझं काम पुढं जाईल. नाही मिळाली तर मॅडम मला पुढच्या वर्षी दुसरं, खालच्या भागातलं काम देणार आहेत. त्यांनी गोड बोलून सांगितलं, पण सांगितलं.

घोंगडीला रोज ऊन दाखवते, तंबूच्या मागच्या सपाट दगडावर. झटकायचं मात्र राहतं, खोटं कशाला बोलू. इथं दोनदा हात वर केला तरी धाप लागते. परवा एक मेंढपाळ बाई तिच्या शेळ्या घेऊन आली होती. तिनं घोंगडी चिमटीत धरली, वास घेतला, आणि नोर्बूकरवी विचारलं, "हे मेंढरू राहतं कुठं?" मी म्हटलं, लई लांब, उन्हात. तिनं मान हलवली. मेंढराची दया आल्यासारखी.

पप्पांना सांगा, डोकं दुखायचं ते थांबलंय. कपाळ गार आहे.

तुमची अंबिका

*

मुकुंदवाडी, ६ जुलै २०२५

अंबे,

तुझं पत्र तुझ्या बापानं, रामनं, कामावरून आल्यावर हातपाय न धुता वाचलं. मग माझ्याकडं देऊन म्हणाला, "डोकं दुखत होतं हे तिनं आधी का नाय कळवलं?" म्हणलं, "आधी पत्रच कुठं होतं?" तो म्हणाला, "तरी." आता या 'तरी'ला काय म्हणावं.

गोठून जगणाऱ्या अळीचं कडूबाला सांगितलं. त्याला पटलं नाय. म्हणला, "मेलेली असंल, तुझ्या नातीला कळलं नसंल." मग उठता उठता म्हणला, "पुन्हा पुन्हा गोठायचं म्हणजे लई दम लागत असंल रे." त्याच्याकडून एवढं मान्य झालं म्हणजे पुष्कळ.

मादी सापडंल. मी काय शास्त्र शिकलो नाय, पण कळपातली एखादी मेंढी व्यायला झाली की आडबाजूला जाऊन बसायची, हे उभ्या जन्मात बघितलंय. तिला हुडकत बसलं की सापडायची नाय. आपण भाकर सोडून बसलो की जवळच्याच झुडपातून आवाज यायचा. पाखराचं तसंच असंल का नाय, ते तू बघ.

रामचं एक कळवतो. तुला लिहू नका म्हणलाय, म्हणून लिहितोय. त्यानं मला बजावलंय, "तिला एकदा जरी बरं नसलं तर मी जाऊन घेऊन येणार, मग काम ऱ्हायलं तर ऱ्हायलं." तो तसं करंल. तू जप.

दोन गोष्टींचा जवाब लवकर दे. घोंगडीला कसर लागली का? आन् तुझं अंग कसं हाय?

तुझा आबा

*

तळ, १५ जुलै २०२५

आबा,

नोर्बू गाडी चालू ठेवून थांबलाय, चार ओळीच लिहिते. तुम्ही विचारलंत तेच झालं. कसर आहे असं वाटतंय. आधी दुर्लक्ष केलं, पण आता रोजचंच झालं. ऊन चढलं की वाढते, सांजेला काहीच नसतं. इथं अजून कुणाला बोलले नाही. मॅडमना कळलं तर लगेच तळावरून बाहेर काढतील. पप्पांना तर बिलकुल सांगू नका, ते म्हणतील मी आधीच सांगितलं होतं. खात्री झाली की कळवते.

अंबिका

*

मुकुंदवाडी, २६ जुलै २०२५

माझ्या बाई,

तुझी चिठ्ठी वाचली आन् ओट्यावर बसूनच ऱ्हायलो. कडूबा हाक मारत होता, त्याला हातानंच जा म्हणलं.

मी दोन गोष्टी विचारल्या होत्या, तू एकीचाच जवाब दिलास. कोणत्या एकीचा, ते मला कळलंय. लोकरीची कसर येगळी, अंगातली कसर येगळी. ऊन चढताना वाढणारी आन् सांजेला उतरणारी कसर लोकरीत नसते, पोरी. ती अंगातच असते.

तुला ठाऊक नसंल, तू तव्हा बालवाडीत जात होतीस. तुझ्या मायला बारीक ताप यायचा. कुणी विचारलं की हसून म्हणायची, "काय नाय, जरा कसर हाय अंगात." रामनं दवाखान्यात चल म्हणलं की म्हणायची, "कसरीला काय दवाखाना?" असं करत करत ती भाजी निवडायची, तुझी वेणी घालायची, पाणी भरायची. आन् मग एक दिवस तिला उठवेना. नेली तव्हा डॉक्टरनं नुसतं रामकडं बघितलं. त्या दिवसापासून अंगातल्या कसरीचं नाव या घरात कुणी काढलं नाय. आन् तू तोच शब्द लिहिलास. तुला कुणी शिकवला नाय, तरी लिहिलास. माझं काळीज कसं झालं असंल, तूच बघ.

तू म्हणलीस म्हणून रामला सांगितलं नाय. तो रोज विचारतो, "पत्र?" मी म्हणतो, "येईल." माझ्या कपाळाला हात लावतो, मी त्याच्या डोळ्यांकडं बघत नाय.

मॅडमला आजच्या आज सांग. बाहेर काढतील तर काढू दे. पाखरं काय, वर्षानुवर्षं गोठून वाट बघणारी जात हाय ती, तूच लिहिलंस. पुढच्या वर्षीपण असतील. खाली दवाखान्यात जा. रक्त तपास. आन् जवाब ताबडतोब दे.

तुझा आबा

*

मुकुंदवाडी, ९ ऑगस्ट २०२५

अंबिका,

हे पत्र तुला कव्हा मिळंल देव जाणे. बातमीत दाखवलं, तिकडं पाऊस होऊन दरडी पडल्यात, वरचा रस्ता बंद हाय. तुझं पत्र नाय. मी लेहच्या ऑफिसात फोन करायला शेजारच्या पोराला लावलं. ते म्हणाले, वरची खबर नाय, पण काळजीचं कारण नसावं. 'नसावं' म्हणाले. 'नाय' म्हणाले नाहीत.

तुला दिलेला शब्द मोडला. परवा सकाळी राम डबा घेऊन निघाला होता. म्हणलं, "बस जरा." तो म्हणाला, "उभ्यानंच सांगा, पाळीला उशीर होतोय." सांगितलं. त्यानं विचारलं, "ताप किती?" म्हणलं, "तसं लिहिलं नाय. कसर म्हणलीय." त्यानं डबा खाली ठेवला. चिठ्ठी मागितली. वाचली. मला वाटलं ओरडंल, पण तो एवढंच म्हणला, "तिच्या मायचाच शब्द." मग आत जाऊन पिशवी भरायला लागला. त्यात काय काय टाकलं तर तापाच्या गोळ्या, थर्मामीटर, शेंगदाण्याची चटणी आन् तुझी ती शाळेतली कानटोपी. ती आता तुझ्या डोक्याला बसायची नाय, हे त्याला सुचलं नाय.

तो निघाला. दिल्लीहून विमानानं लेहला जाणार. जन्मात विमानात बसला नाय तो.

मी रिकाम्या घरात हाय. कडूबा रोज सांजेला येऊन बसतो. काल नुसता दिव्यावरची पाखरं बघत होता. जाताना म्हणला, "बरी असंल रे ती. एवढी मोठी गारठ्यात जगणारी पाखरं सांभाळती, एवढीशी कसर काय सांभाळायची नाय?"

तुझा आबा

*

तळ, १४ ऑगस्ट २०२५

आबा, आबा,

मला ताप नाही. कधीच नव्हता. माझं अंग ठणठणीत आहे. हे आधी वाचा, मग बाकीचं.

माझी चिठ्ठी घेऊन खाली गेलेली गाडी रस्ता मोकळा झाल्यावर आजच वर आली आणि तुमचं २६ जुलैचं पत्र हातात पडलं. वाचताना मला कळेना की आबा कुणाबद्दल लिहितायत. मग कळलं, आणि मी तंबूत जाऊन रडले. आईचा तो शब्द मला खरंच माहीत नव्हता. मी घोंगडीच्या कसरीबद्दल लिहिलं होतं हो. फक्त घोंगडीच्या.

झालं होतं असं. घोंगडी दगडावर टाकली की दुपारी तिच्यावर पाखरं घिरट्या घालायची. सांजेला एकही नाही. मला वाटलं, तुम्ही सांगितलेली कसर लागली, आणि पप्पा म्हणाले होते तसे किडे झाले. इथं नमुन्यांच्या पेट्या असतात. लोकर खाणारा किडा त्या पेट्यांत शिरला तर सगळं काम मातीत जाईल. मॅडमना कळलं असतं तर घोंगडी तळावरून बाहेर काढली असती. घोंगडी, आबा, मला नाही. आता ती चिठ्ठी आठवते आणि दिसतं, 'घोंगडी' हा शब्द मी एकदाही लिहिला नव्हता.

नोर्बूची गाडी गेल्यावर मी हिंमत करून एक पाखरू पेल्याखाली धरलं. बघते तर ते आमचंच, ज्याची मादी सापडत नव्हती तोच नर. आणि दुसरा. आणि तिसरा. सगळे नर. सगळे एकाच कोपऱ्यापाशी येऊन धडकत होते. मी घडी उलगडली. आत कोश होता, राखाडी केसांचा, आणि त्यात तुमच्या मेंढरांची काळी लोकर विणलेली. आणि कोशाच्या तोंडाशी ती बसली होती. बोराएवढी, केसाळ, बिनपंखांची. काळी घोंगडी उन्हात तापते, म्हणून अळीला तिथंच कोश करावासा वाटला असणार. लोकर खाल्ली नाही तिनं, नुसता आसरा घेतला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी घोंगडी झटकली असती तर कोश खाली पडला असता.

मॅडमना हाक मारली. त्या दगडावर पालथ्या पडून दुपारभर बघत होत्या, मध्ये कुणी चहा आणला तर हातानंच नको म्हणाल्या. शेवटी उठल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना सांग, दोन उन्हाळ्यांत मला जे जमलं नाही ते त्यांच्या मेंढरांनी केलं." माझं काम पुढं चालू राहणार आहे. तुमचं खरं ठरलं, शोधणं सोडून बसलो की जवळूनच आवाज येतो.

आबा, इथवर लिहिलं आणि बाहेर गाडीचा आवाज आला. पुढचं दुसऱ्या दिवशी लिहितेय.

गाडीतून पप्पा उतरले. मी धावत गेले. त्यांनी आधी कपाळावर हात ठेवला. मग मनगट धरलं. मग पुन्हा कपाळ. "गार आहे," म्हणाले. मी म्हटलं, "पप्पा, मला काही झालं नाही." ते म्हणाले, "थांब," आणि तिथंच उभ्यानं थर्मामीटर काढून माझ्या तोंडात घातला. नोर्बू बघत होता. मॅडम बघत होत्या. मी लहान मुलीसारखी तोंड बंद करून उभी. आकडा बघितला आणि मग ते खाली दगडावर बसले.

मी त्यांना घोंगडीपाशी नेलं. मादीचं आयुष्य संपलं होतं, पण कोशावर तिची अंडी होती, मोत्यासारखी. पप्पांनी वाकून बघितलं. विचारलं, "ही कसर?" म्हटलं, "हीच." ते हसायला लागले. हसता हसता धाप लागली, डोकं धरलं, आणि मॅडमनी त्यांना तंबूत नेऊन झोपवलं. म्हणजे इथं आजारी पडलं ते पप्पाच. रात्रभर मी त्यांच्या कपाळाला हात लावत होते.

सकाळी उठल्यावर चहा पिताना ते म्हणाले, "तुझी माय असती तर हसून हसून खाली बसली असती." आबा, त्यांच्या तोंडून आईचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते बोलतच राहिले. ती वेणी घालताना गुणगुणायची म्हणे. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

एक विचारायचं आहे. अंडी फुटेपर्यंत कोश हलवता येणार नाही. घोंगडीचा तेवढा कोपरा कापून ठेवू का? तुमची परवानगी हवी.

तुमची अंबिका

ता. क. हे पप्पांच्या हातचं: आबा, पोरगी बरी हाय. तुम्ही जेवत जा. मी लेहला उतरलो की फोन करतो. राम.

*

मुकुंदवाडी, २८ ऑगस्ट २०२५

चि. अंबिका,

रामचा फोन पत्राच्या आधीच आला होता. शेजारच्या पोरानं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडून राम म्हणाला, "आबा, तिला काय नाय. पाखरू हाय." मला काही समजलं नाय, पण पहिले चार शब्द पुरले. फोन परत द्यायचापण विसरलो, तसाच धरून बसलो. मग कडूबाला सांगितलं. तो म्हणतो, "म्हणजे पाखराला भेटायला तुझा लेक विमानानं गेला व्हय?" आन् स्वतःच एवढा हसला की त्याचा चष्मा पडला. आता बाकावर येईल त्याला तेच सांगतोय, वर आपल्याच पदरचं थोडं घालून.

राम परवा घरी आला. बारीक झालाय, नाकाचं सालटं गेलंय, पण डोळे उघडल्यासारखा दिसतो. काल सुट्टी होती तर भिंतीवरचा तुझ्या मायचा फोटो काढून पुसला आन् पुढच्या खोलीत लावला. त्यानं माझ्या कपाळाला हातपण लावला नाय. म्हणलं, "विसरलास का रे?" तर म्हणतो, "तुम्ही तवा थोडेच हायेत."

घोंगडी कापू नको. कोपरा कापला की घोंगडी उसवत जाते, आन् त्या बाईनं विश्वासानं घर केलंय तिच्यात. सगळीच तिथं ऱ्हाऊ दे. अंडी फुटू दे, बारके घुले गवतात जाऊ दे, थंडीला गोठू दे, उन्हाला जागे होऊ दे. मेंढराच्या लोकरीचा याहून चांगला उपयोग मी तरी बघितला नाय. तुला रामनं त्याची जाड रजई ठेवलीय म्हणे, ती पांघर. मी देवगावला निरोप धाडलाय, दुसरी घोंगडी विणायला घातलीय. खळ जरा कमी लावा म्हणलं. त्या मेंढपाळ बाईला सांग, मेंढरू मजेत हाय, उन्हात हाय.

आता शब्दांचं तेवढं ठरवू. ताप असला तर ताप लिहीत जा. पाखरू असलं तर पाखरू. कसर हा शब्द आपण तिसऱ्याच कामाला ठेवू.

इकडं पाऊस झाला, ज्वारी बरी हाय म्हणतात, माझे गुडघे चालतात, राम रात्री शांत झोपतो, कडूबा तुझ्या पत्राची माझ्यापेक्षा जास्त वाट बघतो. घरात सगळं हाय बघ. तुझीच तेवढी कसर.

आबा